शनिवार पेठेत ख्रिस्तराज्य

फळ्याचा तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला खराडीला, ऑफिसच्या कँटीनमध्ये. दुपारी आम्ही चार-पाच जणी एका टेबलाशी जेवतो. त्यातल्या एकीने डब्याचं झाकण उघडता उघडता मोबाइल पुढे सरकवला.

"हे बघा. आता पेठेतसुद्धा सुरू झालं यांचं."

फोटोत एक काळा फळा होता आणि त्यावर खडूने, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : 'ख्रिस्तराज्य : अर्थ आणि इतिहास'. त्याखाली व्याख्यात्यांचं नाव, वार, वेळ आणि 'उशिरा येणाऱ्यांनी मागे शांतपणे उभे राहावे' अशी सूचना. फोटोवर कुणीतरी लाल अक्षरं चढवली होती. 'शनिवार पेठेत ख्रिस्तराज्य? पुणेकरांनो, झोपला आहात का?'

व्याख्यात्यांचं नाव माझ्या वडिलांचं होतं.

"कोण आहेत हे?" दुसरीने विचारलं.

"असेल कुणीतरी. ह्यांना बाहेरून पाठिंबा असतो."

मी घास तोंडात ठेवला आणि तो चावत राहिले. आमचं आडनाव नगर जिल्ह्यात कुठल्याही जातीत सापडतं. इतकं सर्रास, की त्या फोटोचा माझ्याशी संबंध असेल हे तिथे कुणाच्या मनातही आलं नाही. माझं पहिलं नावही साधं मराठी आहे. आम्ही ख्रिस्ती. ऑफिसात कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. नाताळात मी रजा टाकायचे, तेव्हा वर्षाची उरलेली रजा संपवत असेल असंच सगळे धरून चालायचे.

डबा तसाच बंद करून मी जिन्यात गेले आणि घरी फोन लावला. पप्पांनी उचलला नाही. दुपारी ते कानातलं यंत्र काढून झोपतात, हे मला पक्कं माहीत होतं. तरी परत लावला. मग साहेबांना 'वडिलांना बरं नाही' असं सांगून मी निघाले. रिक्षात बसल्यावर तो फोटो कुठे कुठे गेलाय ते शोधत बसले. शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर होता. आमच्या चुलतभावानेही 'हे काकाच ना गं?' असं विचारत पाठवला होता. प्रत्येक ठिकाणी खालचे शेरे वाचायचे नाहीत असं ठरवायचे आणि वाचायचे.

माझे वडील इतिहासाचे शिक्षक. पेठेतल्याच एका शाळेत त्यांनी सगळी नोकरी केली. आई गेल्यापासून आम्ही दोघंच राहतो, शनिवार पेठेतल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. इमारतीत ख्रिस्ती घर आमचं एकच. त्याची कधी चर्चा झाली नाही. दिवाळीला खालून चकल्या यायच्या, नाताळला आमच्याकडून करंज्या जायच्या. पप्पांना सगळे 'सर' म्हणतात. निम्म्या पेठेला त्यांनी पानिपत शिकवलं आहे.

पण गेल्या उन्हाळ्यात त्यांना एक बारीकसा झटका येऊन गेला. हातपाय शाबूत राहिले. शब्द मात्र निसटायला लागले. चमचा मागायचा असेल तर म्हणायचे, "ते दे गं, ढवळायचं." डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, लक्ष ठेवा. लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. मी त्यांच्या प्रत्येक वाक्याकडे, पुलावरून चालणाऱ्या लहान मुलाकडे बघावं तशी बघायला लागले.

अशात एका रविवारी तळमजल्यावरचे शेजारी वर आले. ते बँकेतून निवृत्त झालेले, आणि पेठेतल्या हिवाळी व्याख्यानमालेचे सचिव.

"सर, यंदा एक पुष्प आपण गुंफायचं," ते म्हणाले. "नाताळचे दिवस आहेत. तेव्हा नाताळवर बोला. चांदणी, केक वगैरे."

"केकवर मी काय बोलणार? मला मधुमेह आहे," पप्पा म्हणाले.

"मग आपणच विषय सांगा."

"ख्रिस्तराज्य. युरोपातले लोक हजारभर वर्षं स्वतःच्या मुलुखाला ज्या नावाने ओळखायचे, ते नाव. ते कसं उभं राहिलं आणि कसं मोडलं, ते सांगतो."

"लोकांना कळेल का, सर?"

"मागच्या वर्षी तुम्ही कृष्णविवरांवर व्याख्यान ठेवलं होतंत. ते कळलं होतं?"

सचिव हसले आणि विषय लिहून घेऊन गेले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तेव्हा माझी काळजी एवढीच होती, की ऐनवेळी पप्पांना शब्द सापडला नाही तर काय करायचं. त्या शब्दामुळेच काही होईल असं मनातही आलं नाही.

खरं तर हा शब्द पप्पांनी सहज घेतलेला नव्हता. कितीतरी दिवस सकाळच्या चहाला ते त्याच्यावर बोलत होते. 'ख्रिस्ती धर्म' म्हणून चालणार नाही, कारण ते त्याच्याबद्दल बोलणारच नव्हते. 'ख्रिस्ती जगत' म्हटलं तर नुसता नकाशा डोळ्यांपुढे येतो. "धर्म वेगळा आणि धर्माच्या नावाने बसवलेली घडी वेगळी," ते म्हणायचे. "राजा, कायदा, कोर्ट, बाजाराचा दिवस, लग्न, मयत, सगळं एकाच छत्राखाली. तिथे जन्मलास की तू त्यातला. तुला हवंय का, हे विचारायला कुणी येणार नाही. याला राज्यच म्हणायला पाहिजे."

आता तो शब्द लाल अक्षरांखाली पुणेभर फिरत होता.

मी घरी पोचले तेव्हा पप्पा नुकतेच उठले होते. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरून बघितला.

"अक्षर चांगलं काढलंय."

"पप्पा, खालचं वाचा."

त्यांनी वाचलं. "झोपला आहात का, असं विचारलंय. व्याख्यानाला येणारे निम्मे झोपतातच."

"चेष्टा नका करू हो. तुम्ही नाही म्हणून कळवा त्यांना. तब्येतीचं कारण सांगा."

"तब्येत बरी आहे माझी."

"कुणी येऊन काही केलं तर?"

"काय करतील?"

"मला काय माहीत! माहीत असतं तर एवढी घाबरले असते का मी?"

माझा आवाज चढला होता. पप्पांनी मोबाइल उपडा ठेवला. मग म्हणाले, "मलाही भीती वाटते. त्या लाल अक्षरवाल्यांची नाही. उभं राहिल्यावर डोकं कोरं झालं तर, याची वाटते. पण यंदा नाही बोललो, तर पुढच्या वर्षी माझ्याजवळ बोलायला शब्द असतील का, तूच सांग."

मी चहा ठेवायला उठले.

संध्याकाळी सचिव वर आले. जिना चढून धाप लागली होती. चौकीवरून विचारणा झाली होती, व्याख्यान कुणाचं, कशाबद्दल, गर्दी किती होईल. व्याख्यानमालेच्या मंडळाचे दोन सभासद म्हणाले होते, कशाला उगीच.

"सर, विषय बदलता का?" त्यांनी हात जोडल्यासारखे केले. "'नाताळ : आनंदाचा सण.' एवढं केलंत तर सगळंच सोपं होईल."

"विषय तोच राहील. शब्द बदलून देतो." पप्पांनी डोळे मिटून विचार केला. "असं लिहा : 'धर्माचं राज्य झालं की काय होतं?'"

सचिव खुर्चीत बसले. "सर, हे आधीच्यापेक्षा भयंकर आहे."

मला त्या परिस्थितीतही हसू आलं. शेवटी 'मध्ययुगीन युरोप : धर्म आणि सत्ता' यावर तडजोड झाली. "हे धड्याचं नाव झालं," पप्पा कुरकुरले, "पोरं पळून जातील." फळा पुसला गेला, नवीन अक्षरं आली. पण त्या नव्या फळ्याचा फोटो कुणी काढला नाही. जुनाच फिरत राहिला.

ते दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक. जिन्यात कुणी थांबून बोलत असेल आणि मला बघून गप्प झालं, की मी दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचे. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी भाजी घेताना विचारलं, "सरांची तब्येत बरी आहे ना गं? या वयात दगदग नको." ही माया होती की इशारा होता, याचा विचार करत मी कोथिंबीर निवडत बसले. आमच्या पाळकसाहेबांचा फोन आला. चर्चकडून काही माणसं पाठवू का, असं ते विचारत होते. मी घाईघाईने नको म्हटलं. आपली माणसं गटाने आली, तर विरोध करणाऱ्यांना हवं तेच मिळेल. त्यांना ते पटलं, आणि एवढं लगेच पटावं याचं मला वाईट वाटलं.

पप्पा मात्र रोज संध्याकाळी तालीम करायचे. मी ऑफिसातून आले, की मला समोर बसवायचे आणि उभं राहून बोलायला लागायचे. कागद वापरायचा नाही असा त्यांचा नियम होता, शाळेतही होता. पहिले दोन दिवस मी फक्त अडखळणं मोजत होते. मग कधीतरी ऐकायला लागले.

हे सगळं मी लहानपणापासून रविवारच्या शाळेत, उपासनेत, तुकड्या-तुकड्याने ऐकलेलं होतं. पण पप्पा ते शिक्षकासारखं सांगत होते, आपल्या घरातलं आहे म्हणून काही झाकत नव्हते. सुरुवातीला ही माणसं कशी मूठभर होती, घराघरांतून जमायची, गुलाम आणि विधवा आणि कारागीर. सम्राटापुढे धूप जाळायला नकार द्यायची आणि त्यासाठी मरायची. मग रोमच्या एका सम्राटालाच तो धर्म भावला, आणि दोन-तीन पिढ्यांत चित्र उलटं झालं. काल ज्यांना पकडत होते, ते आज पकडायला लागले. पुढे उत्तरेकडच्या टोळ्यांना नदीत उभं करून बाप्तिस्मा दिला, काठावर तलवारी घेऊन शिपाई. ज्यू लोकांना गावात वेगळी आळी दिली आणि संध्याकाळी तिचा दरवाजा बंद केला.

"पप्पा, हे सगळं तिथे सांगणार?" मी विचारलं.

"मग काय नाताळची गाणी म्हणू?"

"आपल्याच लोकांविरुद्ध बोललात असं पाळकसाहेबांना वाटेल. आणि दुसऱ्यांना वाटेल आपण प्रचार करायला उभे आहोत."

"म्हणजे दोघंही ऐकतील," पप्पा म्हणाले.

तो दिवस उजाडला. संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात आम्ही पोचलो, तेव्हा खुर्च्या भरल्या होत्या. एरवी वीस-पंचवीस ज्येष्ठ नागरिक असतात, त्यातले काही पंख्याखालची जागा टाळायला लवकर येतात. आज भिंतीला टेकून माणसं उभी होती. दाराशी चौकीवरचे हवालदार स्टुलावर बसले होते. आणि मागे, एकाच ठिकाणी, सहा-सात तरुण. त्यातल्या एकाने मोबाइल आधीच वर धरला होता. मी दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत बसले. पाण्याची बाटली मांडीवर घट्ट धरली होती, हे नंतर बोटं दुखायला लागल्यावर कळलं.

पप्पा उठले. "मंडळी," ते म्हणाले आणि थांबले. मला वाटलं, शब्द गेला. पण ते मुद्दाम थांबले होते. "आम्ही ख्रिस्ती लोक चर्चलाही मंडळीच म्हणतो. आणि आमच्या पिढीतले पुरुष बायकोलाही मंडळी म्हणायचे, त्यामुळे दोन्हीकडे आवाज खाली ठेवायची सवय लागली." पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं हसली. "मंडळी म्हणजे जमलेली माणसं. ती जमतात, जेवतात, उठून आपापल्या घरी जातात. राज्यातून असं उठून जाता येत नाही. एका मंडळीचं राज्य कसं झालं, एवढाच आजचा विषय आहे."

मग त्यांचा शाळेतला आवाज लागला. वीस मिनिटं, पाऊण तास, मला भान नव्हतं. मागचे तरुणसुद्धा हलत नव्हते. सम्राट झाला, टोळ्या झाल्या, ज्यूंची आळी झाली. पवित्र भूमी जिंकायला निघालेल्या फौजांपर्यंत ते आले.

"या फौजा निघाल्या होत्या दुसऱ्यांशी लढायला. पण वाटेत त्यांनी एक शहर..." ते म्हणाले. "एक शहर ते..."

त्यांचा हात हवेत राहिला. बोटं काहीतरी चाचपत होती. "ते शहर त्यांनी... ते... करतात ना, ते..."

पंख्याची घरघर ऐकू येत होती. मागे कुणीतरी हसलं. मोबाइलवाल्याने हात आणखी वर केला. सचिव अर्धवट उठले. ते व्याख्यान आटोपतं घेणार, आभार मानणार, हे मला दिसलं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनंती नव्हती, ती नुसती ओळख पटवून घेणारी होती, जणू मी तरी आहे ना जागेवर.

"लुटलं," मी बसल्या जागेवरून म्हटलं.

"लुटलं," पप्पा म्हणाले. पण पुढचं वाक्य त्यांना येईना. ओठ हलले आणि थांबले.

मी उठले. पुढे जाऊन पप्पांना खुर्चीत बसवलं, बाटली त्यांच्या हातात दिली आणि वळले. समोर सगळे चेहरे आणि मागे तो मोबाइल. मी शाळेतल्या स्नेहसंमेलनानंतर कधी माणसांपुढे उभी राहिले नव्हते.

"सर माझे वडील आहेत," मी म्हटलं. "त्यांचं पुढचं मला ऐकून ऐकून पाठ झालं आहे. ते सांगते."

आवाज माझाच होता पण बारीक झालेला. "जोरात," पुढच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले. मी जोरात सांगितलं. फौजांनी जे शहर लुटलं ते ख्रिस्ती लोकांचंच होतं. एका ख्रिस्तराज्याची दोन झाली होती, पूर्वेचं आणि पश्चिमेचं, आणि पश्चिमेने पूर्वेला लुटलं. पुढे पश्चिमेचेही तुकडे झाले. धर्मसुधारणेच्या नावाने एकाच देवाला मानणारी माणसं पिढ्यानपिढ्या एकमेकांची गावं जाळत राहिली. शेवटी दमून त्यांनी ठरवलं, राजाचा जो पंथ तोच प्रजेचा. "म्हणजे तुम्ही काय मानता हे तुमच्या राजाला विचारायचं," मी म्हटलं. ही पप्पांची ओळ होती.

मग मी समुद्रापार निघालेल्या युरोपी गलबतांपर्यंत आले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"गोव्याचं सांगा की! तिथे काय केलंत तुम्ही?"

मोबाइलच्या शेजारचा मुलगा होता. 'केलंत तुम्ही' हे माझ्या छातीत लागलं. हवालदार स्टुलावरून उठले.

"सांगणारच आहे ती. ऐका," पप्पा खुर्चीतून म्हणाले, अगदी वर्गात म्हणायचे तसे.

मी सांगितलं. पोर्तुगिजांनी देवळं पाडली. धर्माची न्यायालयं बसवली, माणसांचे हाल केले. त्यांनी केरळातल्या जुन्या ख्रिस्ती लोकांनाही सोडलं नाही, कारण त्यांची प्रार्थना रोमच्या पद्धतीची नव्हती. ते लोक शेकडो वर्षं हिंदू राजांच्या राज्यात राहत होते, ख्रिस्तराज्याशिवाय, आणि त्यांचं काही अडलं नव्हतं. मी एकही गोष्ट मऊ करून सांगितली नाही.

"मग तुम्ही त्यांचेच ना?" तो मुलगा म्हणाला. आवाज आता चढा नव्हता. खरंच विचारत होता की काय, कोण जाणे.

याचं उत्तर पप्पांच्या व्याख्यानात नव्हतं. मी पप्पांकडे बघितलं. ते पाणी पीत होते.

"माझे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावात वेशीबाहेर राहायचे," मी म्हटलं. "गावच्या विहिरीला हात लावायची त्यांना बंदी होती. त्यांना रोम माहीत नव्हतं, पोप माहीत नव्हता. अमेरिकेतून आलेल्या मिशनऱ्यांच्या शाळेत त्यांच्या मुलाला बाकावर बसू दिलं, एवढं त्यांना माहीत होतं. तेवढ्यावर आम्ही ख्रिस्ती झालो. तोपर्यंत युरोपात ते राज्य मोडलं होतं. आम्ही त्यात एक दिवससुद्धा राहिलेलो नाही."

हे मी आयुष्यात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ख्रिस्ती असल्याचं नाही आणि वेशीबाहेरचं तर नाहीच. पहिलं सांगितलं की दुसरं आपोआप कळतं, म्हणून दोन्ही गिळलेलं होतं. आता समोर शेजारीपाजारी होते, पहिल्या मजल्यावरच्या काकू होत्या, आणि तो मोबाइल चालू होता. खाली बसावंसं वाटलं, पण खुर्चीत पप्पा होते.

पप्पा उठले, माझ्या खांद्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "झालं. ज्या ख्रिस्ताने स्वतः राज्य नको म्हटलं, त्याच्या नावाने माणसांनी राज्य उभं केलं आणि ते टिकलं नाही. प्रश्न असतील तर बसून उत्तरं देतो, उभं राहवत नाही."

दोन-तीन प्रश्न आले, साधेच. एका आजोबांनी, पोप आणि शंकराचार्य यांत फरक काय, असं विचारलं. पप्पांनी शब्द शोधत शोधत उत्तर दिलं. तरुण मंडळी त्याआधीच जिना उतरून गेली होती. खाली रस्त्यावर त्यांनी एक घोषणा दिली. सचिव खिडकीतून वाकून बघून आले आणि म्हणाले, "घोषणाच आहे. दगड नाही." हवालदारांनी टोपी घातली, पप्पांना नमस्कार केला आणि चहा घ्यायला गेले. काकूंनी माझा हात धरला, काहीतरी बोलणार होत्या, पण डोळे पुसून निघून गेल्या. मला अजूनही त्या काय बोलणार होत्या ते माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिप आली. एक नाही, दोन. पहिलीत पप्पा अडखळतात तेवढाच भाग होता, त्याच्यावर 'बोलती बंद' असं लिहिलेलं. दुसरी माझी होती, वेशीबाहेरचं सांगते ती. ती कुणी कापून पुढे पाठवली, बरं बोलायला की वाईट, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पहिली क्लिप पप्पांना दाखवली नाही. पण त्यांनी ती चुलतभावाच्या मोबाइलवर बघितली. "चांगला दिसतो मी अजून," एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

त्याच आठवड्यात मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मेंदूचा स्कॅन झाला. आणखी एक बारीक डाग निघाला, जुनाच असावा, कधी पडला ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या वाढवल्या. पप्पांनी त्यांना विचारलं, शब्द परत येतील का. डॉक्टर म्हणाले, काही येतील. पप्पा म्हणाले, "कुठले ते मला निवडता येतील का?" डॉक्टर हसले. मी हसले नाही.

ऑफिसात मी दोन दिवस कँटीनला गेलेच नाही, जागेवरच डबा खाल्ला. तिसऱ्या दिवशी फोटो दाखवणारी बाईच माझ्या टेबलाशी आली.

"त्या क्लिपमध्ये तुम्ही आहात?"

"हो."

"कधी सांगितलं नाहीत."

"विचारलं नाहीत," मी म्हटलं. मला ते एवढं तुटक म्हणायचं नव्हतं.

ती जरा थांबली. "मी तो फोटो पुढे पाठवला होता. सरांचं नाव वाचलं होतं, पण..." वाक्य तिने पुरं केलं नाही आणि मीही करून दिलं नाही. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते. पूर्वीपेक्षा जास्त सभ्यपणे बोलते, आणि मला त्याचाच त्रास होतो.

त्या दुपारी मी कँटीनला गेले. जेवण झाल्यावर बेसिनशी डबा विसळत होते. आमच्या टेबलावर एक विदर्भातून आलेली मुलगी बसते, कमी बोलणारी. ती शेजारच्या नळाशी येऊन उभी राहिली. इकडेतिकडे बघितलं आणि डब्यावर पाणी सोडत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, आमचं घरही वेशीबाहेरच होतं. आम्ही बुद्धाकडे गेलो." तिने डबा पुसून पिशवीत टाकला. "टेबलावर नका हं बोलू."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

ती गेली. मी नळ बंद करायला विसरले होते. मागे उभ्या असलेल्या माणसाने तो बंद केला, तेव्हा मी दचकले.